गाणं म्हणा, पण कोणाचं ते आधी सांगा

गेल्या अंकात आयर्लंडच्या जुन्या गाण्यांच्या ध्वनिमुद्रणांवर मी दोन पानं लिहिली, तर संपादकांनी पत्रांचा गठ्ठाच हातात ठेवला. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, म्हणून तीन-चार जणांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारलेले प्रश्न एकत्र केलेत. ‘तुम्ही कोण’ असं विचारणाऱ्यांसाठी: डब्लिनमधल्या एका सार्वजनिक वाचनालयात मी एकोणीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची अकरा रेकॉर्डी आणि कॅसेटींच्या कपाटापाशी. मी गायिका नाही, संशोधकही नाही. मागितलेली रेकॉर्ड काढून देणं, आणि परत आली की तिच्यावर ओरखडे पडलेत का ते उजेडात धरून बघणं, हे माझं काम होतं.

तुमचा लेख वाचून मी मोबाइलवर ‘आयरिश लोकगीतं’ असं शोधलं. बासरी, समुद्राच्या लाटा, मागे गुणगुणणाऱ्या बायका असं काहीतरी लागलं. छान आहे, झोप येते. पण तुम्ही लिहिलंत ते हे नसावं. सुरुवात कुठून करू?

नाहीच ते हे. झोप येत असेल तर जरूर लावा, पण त्या बायका कोण आणि कुठल्या, हे त्यावर कुठे लिहिलंय का ते बघा. सापडणार नाही. माझ्याकडे पारख म्हणाल तर ही एकच आहे: कोण म्हणतंय, कुठे, कधी, आणि त्याला ते गाणं मिळालं कोणाकडून. चारपैकी दोन तरी गोष्टी कळल्या पाहिजेत. म्हणून ‘आयरिश’ असं शोधू नका, माणसाचं नाव घालून शोधा.

पहिलं नाव जो हीनी. आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, कॉनमारातल्या कार्ना परिसरात 1919 साली जन्मला. घरात आयरिश भाषा, गाणी वडिलांकडून आणि शेजाऱ्यांकडून. आयरिश भाषेच्या मोठ्या महोत्सवात त्याला गाण्याचं पदक मिळालं, पण पदकाने चूल पेटत नाही. पुढे पोटासाठी ब्रिटन, मग अमेरिका. न्यूयॉर्कमध्ये सेंट्रल पार्कच्या बाजूला एका इमारतीत तो दारवान होता. येणाऱ्या-जाणाऱ्यांना दार उघडून देणाऱ्या या माणसाच्या डोक्यात शेकडो गाणी आहेत, हे त्या इमारतीत कितीजणांना ठाऊक होतं कोण जाणे. शेवटची काही वर्षं सिॲटलच्या विद्यापीठात त्याने शिकवलं आणि 1984 मध्ये तिथेच गेला. त्याच्या ध्वनिमुद्रणांचा मोठा संग्रह आज कोणालाही ऐकता येतो, गाण्याच्या शब्दांसकट.

त्याचं पहिलं गाणं लावाल तेव्हा अर्धा मिनिट तुम्ही वाट बघत राहाल की आता वाद्यं सुरू होतील. होत नाहीत. एकच आवाज. तंबोरा नाही, ठेका नाही, धृपद उचलणारं कोणी नाही. याला शॅन-नोस म्हणतात, म्हणजे जुनी रीत. ओळ लयीच्या खुंटीला बांधलेली नसते. शब्द जेवढा लांबेल तेवढी ती लांबते. मधेच एखाद्या अक्षरावर चार-पाच सुरांची मुरकी येते आणि पुढच्या कडव्यात त्याच जागी ती नसते किंवा दुसरीच असते. दुःखाच्या जागी आवाज चढत नाही, कापत नाही. आपल्या कानाला हे आधी रूक्ष वाटतं. मलाही वाटलं होतं. आणि शेवटची गंमत अशी की कडव्यातले अखेरचे शब्द गायक पुष्कळदा गातच नाही, नुसते बोलून टाकतो. गाणं संपलं, आता चहा घ्या, अशा थाटात.

हीनी जड वाटला तर बेस क्रोनिन लावा. कॉर्क परगण्यातल्या बॅलीव्हर्नीकडची ही शेतकरीण 1879 ते 1956 या काळातली. 1951 मध्ये अमेरिकन संग्राहक ॲलन लोमॅक्स टेप रेकॉर्डर घेऊन आयर्लंडभर फिरला, तेव्हा त्याने तिला मुद्रित केलं. आधी-नंतर रेडिओवाल्यांनीही केलं. आवाज म्हाताऱ्या बाईचा, गोल आणि स्थिर. सत्तरी ओलांडलेल्या बाईने काहीतरी निवडता-टिपता गुणगुणावं, तसं. ती इंग्रजीतही म्हणते आणि आयरिशमध्येही, त्यामुळे निम्मं तरी कळतं. तिच्यामागोमाग उत्तरेतल्या अर्मा परगण्यातली सारा मेकम ऐका, आणि मग डोनेगलजवळच्या ॲरनमोर बेटावरची रोशा, जिला सगळे ‘गाण्यांची रोशा’ म्हणत. तिला रेडिओने 1953 मध्ये मुद्रित केलं, तेव्हा तीही सत्तरीपार होती. डोनेगलकडच्या गाण्यात मुरक्या कमी, चाल सरळ. कॉनमारा आणि डोनेगल एका दिवशी लागोपाठ ऐकलंत तर हा फरक कोणी समजावून सांगायला नको.

आयरिश भाषेचं एक अक्षर कळत नाही. मग नुसता सूर ऐकायचा का?

नुसता सूर ऐकलात तर कंटाळाल. तिकडच्या जाणत्या श्रोत्यांना आधी ‘ऊदर’ हवा असतो. ऊदर म्हणजे गाण्याचं मूळ, ते कशावरून झालं ती हकिकत. गायक ती आधी सांगतो, कधी गाण्यापेक्षा लांबवून सांगतो.

एक उदाहरण देते. 2004 च्या नोव्हेंबरात मी एका सहकारी मैत्रिणीच्या आजोळी गेले होते, कार्नाच्या अलीकडे. स्वयंपाकघरात आठ-नऊ माणसं, शेगडीत पीट, म्हणजे दलदलीतली वाळवलेली माती, जळतंय, बाहेर आडवा पाऊस. कोपऱ्यात टोपी घातलेले एक आजोबा. त्यांनी ‘अनाख कूअन’ म्हणायला घेतलं, पण त्याआधी दहा मिनिटं एका बुडालेल्या बोटीची हकिकत सांगितली. 1828 चा सप्टेंबर. अनाख कूअन गावची माणसं कॉरिब सरोवरातून गॉलवेच्या जत्रेला निघालेली, बोट जुनी, सोबत मेंढ्या. एका मेंढीचा पाय फळीतून आरपार गेला. पाणी थांबवायला एकाने आपला कोट त्या भोकात कोंबला आणि वरून पाय दाबला, तर फळीच निखळली. रॅफ्टरी नावाच्या आंधळ्या कवीने त्यावर गाणं रचलं, आणि त्यात मोजून सांगितलंय: अकरा पुरुष, आठ बायका. आजोबा हे सांगताना स्वतःचा कोट चिमटीत धरून दाखवत होते, जणू तो तिथल्या खुंटीवरचाच कोट.

मग डोळे मिटून गायला लागले. दुसऱ्या कडव्याच्या सुमाराला शेजारच्या म्हातारीने त्यांचा हात हातात घेतला आणि हळूहळू गोल फिरवायला लागली. जात्याचा खुंटा फिरवावा, अगदी तसा. मधे कोणीतरी पुटपुटलं, ‘माह हू’, म्हणजे शाब्बास. टाळ्या नाहीत. गाणं मधेच थांबेल अशी भीती वाटत होती आणि तो फिरणारा हात ते थांबू देत नव्हता. भाषा मला तेव्हाही जेमतेमच येत होती, पण कोट आणि मेंढी माहीत होती, तेवढं पुरलं.

नंतर सगळे माझ्याकडे वळले. ‘अबर औरॉन.’ मैत्रीण भाषांतर करायला सरसावली, मी म्हटलं नको, कळलं. अबर म्हणजे म्हण, औरॉन म्हणजे गाणं. आयरिशमध्ये गाणं गात नाहीत, गाणं म्हणतात! इंग्रजीतून समजावून घ्यावं लागलं असतं ते मराठीतून फुकट मिळालं. गाता येत नाही हे कारण त्या घरात चालण्यासारखं नव्हतं, कारण गायला कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणून टाकल्या आजीच्या चार ओव्या, आठवतील तशा. संपल्यावर म्हातारीने पहिला प्रश्न विचारला तो अर्थाचा नव्हे. ‘कोणाकडून घेतलंस?’ आजीकडून, म्हटलं. तर म्हणाली, तिचं नाव सांग. नाव सांगितल्यावर तिने ते दोनदा म्हणून बघितलं, आणि मग कुठे मला चहा मिळाला.

‘डॅनी बॉय’ हे खरं लोकगीत आहे का? आमच्या घरात यावरून पैज लागली आहे.

पैजेचे पैसे अर्धे अर्धे वाटून घ्या. चाल आयर्लंडची: उत्तरेतल्या लिमाव्हॅडी गावच्या जेन रॉस यांनी ती टिपून घेतली आणि जॉर्ज पेट्री यांनी 1855 च्या संग्रहात छापली. कोणाकडून ऐकली, ते नाव मात्र छापलं नाही, आणि त्यावरून आजवर वाद चालू आहेत. शब्द फ्रेडरिक वेदर्ली या इंग्रज वकिलाचे, 1913 मध्ये छापलेले.

तुम्ही लिहिलंत की जुनी मुद्रणं जमा करणाऱ्यांनीच खरवडून टाकली. हे अतिशयोक्त वाटतं. सरकारी संस्था असं कशाला करेल?

पैसे नव्हते म्हणून करेल. आयरिश लोकसाहित्य आयोग 1935 मध्ये स्थापन झाला, जेम्स डेलार्गी त्याचे संचालक. गावोगाव संग्राहक नेमले, त्यांना एडिफोन नावाचं यंत्र दिलं. मूळचं हे कचेरीतलं यंत्र, साहेबाने मजकूर बोलायचा आणि टायपिस्टने नंतर ऐकून उतरवायचा, त्यासाठीचं. मेणाचं नळकांडं फिरतं, सुई त्यात खाच पाडते. संग्राहक हे धूड खेड्यातल्या घरात न्यायचा, म्हाताऱ्याला कर्ण्यात बोलायला लावायचा, घरी येऊन शब्दन् शब्द वहीत उतरवायचा. उतरवून झालं की नळकांड्याचा वरचा थर तासून ते पुन्हा वापरायला घ्यायचे. कागदावर आलं म्हणजे वाचलं, हा त्यांचा हिशेब. नवी नळकांडी घ्यायला अंदाजपत्रकात जागा नव्हती. थोडी राखली गेली, पण पुष्कळ आवाज असे तासले गेले.

याचा राग यायचा मला, पण वह्या पाहिल्यावर कमी झाला. त्या वह्या आज डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आहेत आणि 2017 पासून युनेस्कोच्या ‘जगाची स्मृती’ या नोंदवहीत त्यांचं नाव आहे. सांगणाऱ्याचं नाव, वय, गाव, आणि त्याने ते कोणाकडून ऐकलं, किती वर्षांपूर्वी, हे दर वेळी लिहिलेलं. आवाज नाही, पण माणूस आहे. उलट माझ्या कपाटात अशा चकचकीत सीडी होत्या की आवाज स्वच्छ आणि माणसाचा पत्ता नाही.

गाण्याच्या बाबतीत वहीची एक अडचण होती. शब्द उतरवणारे पुष्कळ, चाल उतरवता येणारे फार थोडे. म्हणून 1942 मध्ये आयोगाने शेमस एनिस या तेविशीच्या पोराला घेतलं. हा पाइप, म्हणजे मशकीचं आयरिश वाद्य, वाजवणारा, स्वरलेखन पक्कं. त्याला मिळालं ते पेन, कागद, सायकल आणि आठवड्याला तीन पौंड. महायुद्धाचे दिवस, पेट्रोल नाही. हा सायकलवरून कॉनमारा पालथा घालायचा. ग्लिन्स्कच्या कोलम ओ कीआन या एकट्या माणसाकडून त्याने दोनशेच्या वर गाणी आणि चाली टिपल्या, म्हणजे तो किती दिवस त्याच्या बांधावर बसला असेल ते बघा. नुसतं ‘गा, मी लिहितो’ असं होत नाही हो. शेतावरची कामं असतात, मासेमारी असते. एनिस ती कामं करू लागायचा, वाजवायचा, आणि मग गाणं यायचं. पाच वर्षांनी तो रेडिओत गेला, तिथून पुढे बीबीसीत, आणि मुद्रणाची गाडी त्याच्या हाताखाली आली. त्याचे सायकलचे दिवस मात्र मला जास्त मोलाचे वाटतात.

आणि सगळंच तासलं गेलं असंही समजू नका. 1928 ते 1931 मध्ये बर्लिनहून विल्हेल्म डोगेन नावाचे ध्वनितज्ज्ञ आणि त्यांचे सहायक आयरिश सरकारच्या सांगण्यावरून आले आणि परगण्या-परगण्यांतले आयरिश बोलणारे मुद्रित करून गेले. गाणी आहेत, गोष्टी आहेत, आणि बोलींची तुलना करता यावी म्हणून बायबलातली उधळ्या पुत्राची गोष्ट अनेकांकडून म्हणून घेतलेली आहे. टायरोन, अर्मा, लाऊद इथली आयरिश बोली घरात बोलणारं त्यानंतर कोणी उरलं नाही. रॉयल आयरिश अकादमीने ही मुद्रणं सर्वांना ऐकायला खुली केली आहेत. आवाज डब्यातून आल्यासारखे आहेत. चालवून घ्या.

जुन्या तबकड्यांवरची गाणी तीन मिनिटांतच कशी संपतात? लोकगीतं तर लांबलचक असतात ना?

तबकडीच तेवढी होती. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन मिनिटं, फार तर थोडी वर. चौदा कडव्यांच्या कथागीतातली चार-पाचच बसायची. मग प्रेयसी दार ठोठावते आणि लगेच मरते, मधलं काही नाही. पुढच्या पिढीने गाणं तबकडीवरून उचललं तर त्यांच्याकडे ती कापलेलीच प्रत गेली. वादकांचंही तेच. स्लायगोचा फिडलवादक (फिडल म्हणजे व्हायोलिनच) मायकल कोलमन न्यूयॉर्कला गेला, 1921 पासून त्याच्या तबकड्या निघाल्या, त्या आयर्लंडला परत आल्या, आणि गावोगावचे फिडलवादक आपली चाल सोडून कोलमनची वाजवायला लागले. तीन मिनिटांसकट.

घरात अशी तबकडी असेल तर दोन गोष्टी. एलपीची सुई तिला चालत नाही, तिची खाच रुंद असते, 78 साठीची सुई जवळजवळ तिप्पट जाड लागते. आणि स्पिरिटने पुसू नका. मी पुसली आहे. डब्लिनच्या एका जुन्या बाजारात दोन युरोला डीलिया मर्फीची तबकडी मिळाली, 1939 च्या सुमाराची. मेयो परगण्यातली ही बाई राजदूताची पत्नी, पण म्हणायची गावाकडच्यासारखं, ठसक्यात. आनंदाच्या भरात कापसावर स्पिरिट घेतलं आणि फिरवलं. कापूस काळा झाला. मला वाटलं, किती ही धूळ! ती धूळ नव्हती. जुन्या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते, हे फर्निचरला पॉलिश करणारा कोणीही सांगेल. एकोणीस वर्षं वाचनालयात काढलेली बाई विसरली. तबकडी अजून आहे, वाजवली की भजी तळल्यासारखी वाजते.

गेल्या अंकात तुम्ही डब्लिनर्ससारख्या गटांना जवळजवळ ‘पबवाले’ म्हणून बाजूला काढलंत. आमची पिढी त्यांच्यामुळेच या गाण्यांकडे वळली. आणि रेकॉर्ड ऐकून शिकलेलं गाणं तुमच्या मते परंपरेचं नाही, असं का?

पत्र रागाचं आहे आणि राग रास्त आहे. लेख लहान करताना माझं एक वाक्य गेलं, ते इथे देते. 1967 मध्ये डब्लिनर्सची ‘सेव्हन ड्रंकन नाइट्स’ ही रेकॉर्ड ब्रिटनच्या खपाच्या यादीत सातव्या क्रमांकापर्यंत गेली, आयर्लंडच्या सरकारी रेडिओने मात्र ती वाजवायची नाही असं ठरवलं. सात रात्रींपैकी गायच्या पाचच, उरलेल्या दोन म्हणण्यासारख्या नाहीत म्हणून. हे गाणं त्यांना दिलं कोणी? जो हीनीने. म्हणजे दारवान आणि पबवाले यांच्यात तुम्ही-आम्ही समजतो तेवढं अंतर नव्हतं.

रेकॉर्डवरून शिकण्याबद्दल मार्गारेट बॅरीचं ऐका. कॉर्कची ही बाई, रस्त्यावर आणि जत्रेत बँजो वाजवून गायची, आवाज असा की बाजाराच्या दुसऱ्या टोकाला पोचावा. तिचं ‘शी मूव्ह्ड थ्रू द फेअर’ ऐकून संग्राहकांना वाटलं, मिळाला शतकानुशतकांचा ठेवा. तिने सरळ सांगून टाकलं: काउंट जॉन मॅकॉर्मॅकच्या रेकॉर्डवरून घेतलं. मॅकॉर्मॅक म्हणजे सुटाबुटातला टेनर, वरच्या पट्टीत गाणारा मैफिलीचा गायक! आणि त्या गाण्याचे शब्दही पॅड्रिक कोलम या कवीने बांधलेले, हर्बर्ट ह्यूजने डोनेगलात टिपलेल्या चालीवर, 1909 मध्ये छापलेले. आता म्हणा परंपरेचं नाही. मी म्हणणार नाही, कारण तिने कोणाकडून ते सांगितलं. परंपरा म्हणजे माझ्या लेखी हेच: ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव घेणं. तो टेनर असला तरी.

याच्या उलटं टोक म्हणजे जॉन रायली. ट्रॅव्हलर समाजातला, म्हणजे आयर्लंडच्या भटक्या लोकांपैकी. या समाजाला स्वतंत्र वंशसमूह म्हणून आयरिश सरकारने मान्यता दिली ती 2017 मध्ये. रायली रॉसकॉमन परगण्यातल्या बॉइल गावी राहायचा. टॉम मनेली या तरुण संग्राहकाने साठच्या दशकात त्याला मुद्रित केलं, तर त्यात ‘द वेल बिलो द व्हॅली’ निघालं, विहिरीवरच्या बाईच्या पुरलेल्या मुलांचं भयंकर कथागीत. लोकांच्या तोंडून हे गाणं कधीच गेलं, असं अभ्यासक धरून चालले होते. रायली 1969 मध्ये वारला, दारिद्र्यात. प्लँक्स्टी या गटाने 1973 मध्ये आपल्या दुसऱ्या रेकॉर्डला याच गाण्याचं नाव दिलं. त्याच्या स्वतःच्या आवाजातली रेकॉर्ड बाजारात आली 1978 मध्ये. तारखा ओळीने लावून बघा. प्लँक्स्टीचा गायक क्रिस्टी मूर गाताना रायलीचं नाव घेत आला म्हणून ते आपल्यापर्यंत आलं. प्लँक्स्टीचं जरूर ऐका, वाजवतात अफलातून. पण त्याच संध्याकाळी रायलीचंही ऐका. मूरच्या गाण्यात ढोल गोष्ट पुढे ढकलतो. रायलीला घाई नाही. विहिरीवरचा माणूस बाईला तिच्या मेलेल्या मुलांची संख्या सांगतो, ते एखाद्याने रस्ता सांगावा तसं सांगतो. माझ्या अंगावर काटा येतो तो रायलीच्या वेळी.

एका लघुपटासाठी असं जुनं मुद्रण वापरायचं आहे. गाणं पारंपरिक आहे, मग परवानगी कशाला?

गाणं कोणाचं नाही, मुद्रण कोणाचं तरी असतं, आणि कोणी त्याची संगीताची बांधणी केली असेल तर तीही. ज्या संग्रहातलं असेल त्यांना लिहा. गायकाच्या घरच्यांचं म्हणणं काय ते त्यांना ठाऊक असतं. नाव श्रेयात घाला, ‘पारंपरिक’ एवढंच लिहून मोकळे होऊ नका.

मुलगी शिकायला डब्लिनला चालली आहे. तिने हे सगळं प्रत्यक्ष कुठे ऐकावं?

मेरियन स्क्वेअर, क्रमांक 73. तिथे आयरिश पारंपरिक संगीताचं संग्रहालय आहे, निकोलस कॅरोलन आणि हॅरी ब्रॅडशॉ यांनी 1987 मध्ये उभं केलेलं. पैसे पडत नाहीत. जॉर्जियन धाटणीचं घर आहे, बाहेरून वाटतं आत डॉक्टर असेल. दाराची घंटा दाबायला लोक बिचकतात, तिने बिचकू नये. ‘मला आयरिश संगीत ऐकायचंय’ असं न म्हणता एखादं नाव घेऊन जावं, तर तिथली माणसं खुलतात. क्लेअर परगण्यात जाणं झालं तर तिथल्या काउंटी लायब्ररीने स्थानिक गायकांची मुद्रणं शब्दांसकट खुली केली आहेत, ती आधीच ऐकून जावं.

गाण्याच्या बैठकीला गेली तर मोबाइल समोर धरू नये. विचारावं, बहुतेक जण हो म्हणतात. न विचारता धरला तर गाणं थांबत नाही, पण तिच्याशी कोणी बोलत नाही. आणि गाणं चालू असताना ग्लास आणायला उठू नये.

माझा भाऊ ऐंशीच्या दशकात गॉलवेत नोकरीला होता. तो गेला. त्याच्या सामानात सात कॅसेटी निघाल्या, दोनवर नुसतं ‘पब’ लिहिलंय. वाजवायला भीती वाटते. काय करावं?

भीती वाटते हे बरं आहे, लगेच वाजवू नका. आधी त्यांवर पुन्हा काही भरलं जाणार नाही अशी सोय करा: कॅसेटच्या वरच्या कडेला दोन लहान टिकल्या असतात, त्या मोडून टाका, म्हणजे चुकून पुसलं जाणार नाही. आतला स्पंजाचा तुकडा पडलाय का बघा. पडला असेल तर आवाज खोल विहिरीतून येईल; तो बदलता येतो. मग कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या, इतक्या वर्षांची फीत थरावर थर चिकटून बसलेली असते. प्लेअर चांगला घ्या, त्याचं हेड, म्हणजे फीत घासत जाते तो भाग, स्पिरिटने पुसा (इथे चालतं, माझ्यावर विश्वास ठेवा), आणि एकदाच वाजवताना थेट संगणकावर उतरवा. फाइल वेव्ह स्वरूपात ठेवा, एमपीथ्री नंतर करा. खरखर काढणारं सॉफ्टवेअर मूळ फाइलला लावू नका. ग्लासांचा आवाज, खोकला, मागचं हसणं, सगळं राहू द्या. कोणता पब ते कधीकधी त्या हसण्यावरूनच ओळखू येतं.

ऐकताना वही घेऊन बसा. गाण्याच्या आधी कोणीतरी काहीतरी बोलत असेल, दोन वाक्यं, इंग्रजीत किंवा आयरिशमध्ये. गायकाचं नाव, गाव, ‘हे मी अमक्याकडून घेतलं’, हे तिथेच असतं, आणि लोक नेमकं तेवढंच कापून टाकतात कारण ते गाणं नसतं. ते मिनिट-सेकंदासह लिहून काढा. भावाची पत्रं असतील तर त्यातल्या तारखा जुळवा. एवढं झालं की मेरियन स्क्वेअरच्या त्या संग्रहालयाला लिहा, ते अशी मुद्रणं घेतात. तोवर इंटरनेटवर कुठेही टाकू नका, गाणारा किंवा त्याची मुलं अजून गॉलवेतच असू शकतात.

आणि कॅसेटींपैकी एकीवर गाण्यांच्या मधे तुमच्या भावाचाच आवाज निघायची शक्यता आहे. बटण दाबणारा माणूस दहापैकी आठ वेळा ‘चालू झालं का?’ असं विचारतो. ती कॅसेट ओळखून वेगळी ठेवा, आणि तिच्यावर ‘पब’ च्या खाली त्याचं नाव लिहा.